थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: दरवर्षीची मुदतवाढ, पासबुकापासून शिक्क्यापर्यंत

चियांग माईत आम्हाला आता सहावं वर्ष. नाशिकहून कुणाचा फोन आला की चौकशी ठरलेली: "वहिनी, दरवर्षी व्हिसासाठी इकडे यावं लागतं का हो?" नाही लागत. इथल्याच इमिग्रेशन कार्यालयात जायचं, १,९०० बाथ भरायचे आणि वर्षभराचा शिक्का घेऊन घरी यायचं. खिडकीवरचं काम वीस-पंचवीस मिनिटांचं असतं. पण त्या वीस मिनिटांची तयारी आदल्या कित्येक महिन्यांत, बँकेच्या पासबुकात होते. लोकांची गाडी अडते ती तिथेच. म्हणून कागदपत्रांच्या यादीआधी पैशांबद्दल लिहिते.

त्याआधी एक शब्द शिकून घ्या. थाई लोक इमिग्रेशनला 'तॉ मॉ' म्हणतात. फॉर्मवर 'टीएम' असं लिहिलेलं असतं ते हेच. लाल सोंगथाववाल्याला, म्हणजे इथल्या शेअर टॅक्सीवाल्याला, 'तॉ मॉ' एवढं सांगितलं तरी तो नेमका दारात सोडतो.

आपल्या हातात नेमकं काय आहे

आपण सगळे सवयीने 'व्हिसा रिन्यू' म्हणतो, पण मूळ व्हिसा केव्हाच संपलेला असतो. दरवर्षी मिळते ती मुक्कामाची मुदतवाढ. हा फरक नुसता शब्दांचा नाही. त्यामुळे किती मोठा घोटाळा होऊ शकतो ते परवानगीशिवाय देशाबाहेर जाण्याच्या भागात येईलच.

पासपोर्टात पहिला व्हिसा कोणता होता ते बघा. तो नॉन-इमिग्रंट 'ओ' असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू. 'ओ-ए' घेऊन आला असाल तर मुदतवाढीच्या वेळी आरोग्यविमाही दाखवावा लागतो, आणि सत्तरीनंतर तसा विमा मिळवणं म्हणजे डोकेदुखी. नव्याने येणाऱ्यांना मी तरी 'ओ'च सुचवते. वयाची अट दोन्हीकडे तीच, पन्नास पूर्ण. आणि दोन्हीवर काम करायला मनाई आहे, शिकवणीसुद्धा घ्यायची नाही.

पासपोर्टाची मुदतही आत्ताच तपासा. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्याच्या पुढची वाढ मिळत नाही. सात महिने उरले असतील तर वाढही सातच महिन्यांची, आणि फी मात्र पूर्ण. आधी पासपोर्ट नवा करून घ्या. मग जुना-नवा दोन्ही घेऊन इमिग्रेशनमध्ये जुने शिक्के नव्या पासपोर्टात उतरवून घ्या आणि मगच मुदतवाढीला जा.

आठ लाख बाथ: कधी, किती, कुठे

पैशांची अट तीन तऱ्हांनी पूर्ण करता येते. थाई बँकेत ८,००,००० बाथ ठेवणं ही एक. दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवणं ही दुसरी. आणि दोन्ही मिळून वर्षाला आठ लाख भरणं ही तिसरी. दरमहा ६५,००० म्हणजे दीड लाख रुपयांच्या बरंच वर. माझ्यासारख्या शिक्षकी पेन्शनवाल्यांना ते झेपणारं नाही. ज्यांना झेपतं त्यांनी पैसे दर महिन्याला परदेशातूनच थाई खात्यात यायला हवेत आणि पासबुकात ती रक्कम परदेशी म्हणूनच नोंदलेली हवी, हे ध्यानात ठेवावं. एक महिना चुकला तर वर्ष चुकलं. मी पुढे ठेवीच्या मार्गाचंच लिहिते, कारण बहुतेक भारतीय तोच धरतात.

मार्च २०१९ पासून नियम असा आहे. अर्ज करण्याआधी किमान दोन महिने खात्यात आठ लाख असले पाहिजेत. वाढ मिळाल्यानंतर तीन महिने ते तसेच राहिले पाहिजेत. त्यानंतर पुढच्या अर्जापर्यंत शिल्लक चार लाखांच्या खाली एकही दिवस जाता कामा नये.

वाचताना हे गुंतागुंतीचं वाटतं, म्हणून आमचंच उदाहरण देते. आमची मुदत संपते १० डिसेंबरला. अर्जाला आम्ही नोव्हेंबरच्या विशीत जातो. म्हणजे मोजून वीस सप्टेंबरला पैसे भरलेले हवेत; आम्ही एक सप्टेंबरलाच भरतो. शिक्का मिळाल्यावर तीन महिने कधीपासून मोजायचे यावर लोक तासन् तास वाद घालतात. शिक्का मारला त्या दिवसापासून, की नवी मुदत सुरू होते त्या दिवसापासून? मी उशिराची तारीख धरते, म्हणजे १० मार्च. तिथून ऑगस्ट अखेरपर्यंत चार लाख वापरायला मोकळे. पुन्हा एक सप्टेंबरला आठ लाख. बस्स, हेच चक्र.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे 'बरोब्बर आठ लाख'. दुसऱ्या वर्षी मी खात्यात ८,००,००० ठेवले, एक बाथ कमी नाही की जास्त नाही, आणि स्वतःच्या काटेकोरपणावर खूश होते. बारा सप्टेंबरला यांनी पासबुक भरून आणलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, "अगं, हे सात लाख नव्व्याण्णव हजार कसे झाले?" तीन दिवसांपूर्वी बँकेने एटीएम कार्डाची वार्षिक फी कापली होती. त्याच दुपारी पैसे भरले. दोन महिन्यांचं मोजमाप त्या दिवसापासून नव्याने सुरू झालं, आणि अर्जाच्या तारखेपर्यंत जेमतेम बसलं. दोन आठवडे उशिरा लक्षात आलं असतं तर पंचाईत होती. तेव्हापासून वीस हजार बाथ जास्त ठेवते आणि त्या खात्याचं कार्डच रद्द करून टाकलंय. घरखर्चाचं खातं वेगळं, व्हिसाचं वेगळं. ही एक सवय लावून घेतली तर निम्मी काळजी मिटते.

खातं एकट्याच्या नावावर असावं. जोडखातं आपल्याकडे सोयीचं वाटतं, इथे त्यावरून प्रश्न निघतात. मुदत ठेवीत ठेवले तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण आपल्या कार्यालयात आधी विचारून घ्या. एका बँकेत एका माणसाच्या दहा लाख बाथपर्यंतच्या ठेवीला इथल्या सरकारी योजनेचं संरक्षण आहे, त्यामुळे आठ लाखांबद्दल तरी झोप उडायला नको. एकट्याच्या नावावरचं खातं म्हटल्यावर मात्र एक कटू गोष्ट ओघाने येते. उद्या काही बरं-वाईट झालं तर मागे राहिलेल्याला त्या खात्याला हात लावता येत नाही. आम्ही दोघांनी इथे साधं मृत्युपत्र करून ठेवलंय. तुम्हीही करा.

भारतातून पैसे आणताना

दरवर्षी सप्टेंबरच्या तोंडावर चार लाख बाथ कुठून तरी यायचे असतात. ते भारतातून येणार असतील तर जुलैच्या शेवटी हालचाल सुरू करा, ऑगस्टच्या नाही.

इथे कायम राहायला आलेला माणूस आपल्या बँकेच्या दृष्टीने अनिवासी ठरतो आणि त्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपया खातं, करून घ्यावं लागतं. कित्येकांनी वर्षानुवर्षं ते केलेलं नसतं. एनआरओमधून बाहेर पाठवायचं म्हणजे करासंबंधीचे फॉर्म आणि बहुतेकदा सीएचं प्रमाणपत्र आलं, आणि सीएसाहेब जुलै-सप्टेंबरमध्ये रिटर्नच्या गर्दीत बुडालेले असतात. अजून निवासी असलेल्यांना लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण ठरावीक मर्यादेच्या पुढे बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तोवर हातातली रक्कम मात्र कमी पडते.

वाटेतल्या बँकाही आपलं शुल्क कापतात. त्यामुळे लागतील तेवढेच पाठवले तर इथे थोडे कमीच उतरतात. मी डॉलरमध्ये पाठवते, बाथ इथली बँक करते, आणि पाच-सात हजार बाथची फट धरूनच रक्कम ठरवते. पैसे जमा झाल्याचा बँकेचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

बँकेतला दिवस

अर्जाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी बँकेत जावं लागतं. तीन गोष्टी आणायच्या. खात्यात किती रक्कम आहे याचं इमिग्रेशनच्या नावाने पत्र, बारा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि त्या दिवसापर्यंत भरलेलं पासबुक. पत्राला शंभर-दोनशे बाथ पडतात. काही शाखा स्टेटमेंट मुख्य कार्यालयातून मागवतात, त्याला दिवस लागतात. म्हणून आठवडाभर आधी शाखेत जाऊन "तॉ मॉसाठी काय काय मिळेल आणि कधी?" एवढं विचारून या.

पासबुक दर महिन्याला भरत जा. बरेच महिने भरलं नाही तर यंत्र मधल्या सगळ्या नोंदी एका ओळीत गुंडाळून छापतं. मग मधल्या काळात शिल्लक किती होती हे पासबुकावरून कळत नाही आणि खिडकीवरची बाई तुम्हाला परत बँकेत धाडते. अर्जाच्या सकाळी शंभर बाथ भरायचे, म्हणजे त्या तारखेची ओळ छापली जाते. सगळे जुने निवृत्त हेच करतात, आणि कॅशियर मुली आता हसूनच शंभराची नोट घेतात.

सहीचं एक. इथल्या पासबुकात आपली सही असते, पण ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. काउंटरवरच्या जांभळ्या दिव्याखाली धरली की उमटते. माझी सही मराठीत. शिरोरेषा जरा लांबली म्हणून एकदा मला दोनदा सही करायला लावली होती. पासपोर्ट, बँक आणि इमिग्रेशनचे फॉर्म, तिन्हीकडे सही एकच ठेवा. मराठीत असेल तर मराठीतच, कुणी काही म्हणत नाही.

कागदांची चळत

टीएम ७ हा मुख्य फॉर्म. तो इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर मिळतो, कार्यालयातही मिळतो. त्यावर ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो. पासपोर्टाच्या प्रती: फोटोचं पान, मूळ व्हिसा, गेल्या मुदतवाढीचा शिक्का, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का, आणि री-एंट्री परवाना (बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) असेल तर तोही. पासबुकाच्या वर्षभराच्या सगळ्या पानांच्या प्रती. बँकेचं पत्र आणि स्टेटमेंट अस्सल. घराचा भाडेकरार, घरमालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या पुस्तिकेची प्रत. तिला इथे 'थाबियन बान' म्हणतात. आपल्याकडे रेशनकार्ड ज्या मानाने कपाटात असायचं त्याच मानाने इथे ही पुस्तिका असते, तेव्हा मालकीणबाईंकडे आठ दिवस आधी मागावी. घराचा हाताने काढलेला नकाशाही जोडायचा; आमच्या नकाशात देऊळ आणि कोपऱ्यावरचं नूडलचं दुकान आहे, आणि तो सहा वर्षं तोच चालतोय.

याशिवाय दोन पावत्या. एक टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस आपल्या घरात राहतो ही घरमालकाने चोवीस तासांत द्यायची वर्दी. ती घरमालकाची जबाबदारी, पण नसली तर खोळंबा आपला. दुसरी नव्वद दिवसांच्या नोंदीची, म्हणजे दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवल्याची.

प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही. काळ्या शाईची सही अस्सल की छापील ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक कार्यालयाचा आपला एखादा जादा कागद असतो. कुठे घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, कुठे आणखी एखादं प्रतिज्ञापत्र. मित्राच्या पटाया किंवा हुआ हिनच्या यादीवर विसंबू नका. महिनाभर आधी आपल्याच कार्यालयात जाऊन छापील यादी घेऊन या. त्यात जे आहे ते द्या, नसलेलं उगाच पुढे करू नका.

नावाचा घोळ आपला खास. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. बँकेने ते तोडून दोन रकान्यांत घातलं आणि इमिग्रेशनने एकत्र ठेवलं की ऑनलाइन नोंदी जुळेनाशा होतात. खातं उघडतानाच पासपोर्टबरहुकूम नाव घालायला लावा.

प्रत्यक्ष दिवस

मुदत संपण्याच्या तीस दिवस आधीपासून अर्ज घेतात, काही ठिकाणी त्याहूनही आधी. लवकर गेलं म्हणून दिवस वाया जात नाहीत. नवी मुदत जुनी संपते तिथूनच मोजतात. त्यामुळे शेवटचा आठवडा गाठण्यात काहीच शहाणपणा नाही. एखादा कागद चुकला तर परत यायला अवधी हवा.

सुट्ट्या बघून घ्या. आमचीच मुदत संपते त्या १० डिसेंबरला संविधान दिनाची सुट्टी, पाच डिसेंबरलाही सुट्टी. सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. बौद्ध सणांसाठी मी भिंतीवरचं कालनिर्णय बघते: वैशाखी पौर्णिमेला विसाखा बुचा, आषाढी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या गुरुपौर्णिमेला, आसान्हा बुचा. पण दोन्हीकडचे अधिक महिने नेहमी जुळत नाहीत. २०२३ साली आपली बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी झाली आणि इथली विसाखा ३ जूनला. तेव्हा तिथी कालनिर्णयात बघा, पण सुट्टीची खात्री थाई कॅलेंडरवरूनच करा.

कार्यालय साडेआठला उघडतं, बारा ते एक जेवणाची सुट्टी. आम्ही साडेसातला पोचतो. कपडे नीट: अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत. आधी एक कर्मचारी कागद वरवर तपासून नंबर देते, मग आत बसायचं. इथे कुणी आवाज चढवत नाही. आपल्या सेतू कार्यालयातला "अहो, मी सकाळपासून उभा आहे" हा सूर इथे लावला तर काम होत नाही, उलट लांबतं.

खिडकीवरची अधिकारी पासबुकच आधी उघडते. एक बोट शिल्लक रकमेच्या रकान्यावरून खाली सरकत जातं, सप्टेंबरपाशी थांबतं, पेन्सिलीने छोटा गोल करते, पुढे सरकतं. त्या अर्ध्या मिनिटात वर्षभराच्या काटकसरीचा निकाल लागतो. मग फोटो काढते, फी घेते, पावती देते. मला 'पा' म्हणते. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मावशी आणि आत्या दोन्ही एकाच शब्दात.

पासपोर्ट हातात आला की जागचं हलू नका. तारीख वाचा. पावत्यांवर आणि थाई कागदांवर बौद्ध वर्ष असतं. शके काढायला आपण ७८ वजा करतो, तसे इथे इसवी सनात ५४३ मिळवायचे: २०२५ म्हणजे २५६८. शिक्क्यात चूक असेल तर खिडकीसमोरच दुरुस्त होते, घरी गेल्यावर कळली तर पुन्हा रांग.

एजंटांबद्दल थोडं. रांगेत उभं राहायला, फॉर्म भरायला एजंट लावला तर काही बिघडत नाही. गुडघे दुखत असतील तर लावाच. पण "पैसे नसले तरी आम्ही दोन दिवस तुमच्या खात्यात घालतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोट्या पायावर मिळालेला शिक्का रद्द होऊ शकतो, आणि तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही.

जोडीदार

दोघंही पन्नाशीच्या पुढे असले तर दोन वेगळे आठ लाख ठेवता येतात, किंवा एकाच्या ठेवीवर दुसऱ्याला अवलंबित म्हणून वाढ मिळते. आमच्यात पैसे माझ्या नावावर आणि हे माझे अवलंबित. यावरून घरात जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत. फॉर्म, फोटो आणि १,९०० बाथ मात्र प्रत्येकाचे वेगळे.

यासाठी लग्नाचा दाखला लागतो, तो साक्षांकित, थाईत भाषांतर केलेला आणि इथल्या परराष्ट्र खात्याने प्रमाणित केलेला. आपल्या पिढीतल्या कित्येकांकडे लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम असतो, दाखला नसतो. आमचं लग्न १९८० च्या दशकातलं, नोंदणी केली निवृत्तीनंतर. निघण्याआधी महाराष्ट्रातच ते उरकून घ्या, इथून करणं महाकठीण. आणि हेही लक्षात असू द्या की मूळ अर्जदाराची मुदतवाढ गेली तर अवलंबिताचीही जाते.

शिक्क्यानंतरचं वर्ष

तीन महिन्यांनी काही कार्यालयं पासबुक घेऊन परत बोलावतात. शिक्क्याजवळ किंवा पावतीवर तशी तारीख लिहिली आहे का ते बघा.

नव्वद दिवसांची नोंद, टीएम ४७, वेगळीच चालू राहते. मुदतवाढ मिळाली म्हणून ती आपोआप होत नाही. ठरलेल्या दिवसाच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत कार्यालयात करता येते, ऑनलाइन करायची तर किमान सात दिवस आधी. पैसे लागत नाहीत; चुकली तर दोन हजार बाथ दंड. देशाबाहेर जाऊन आलात की नव्वद दिवस नव्या प्रवेशापासून मोजायचे.

आणि देशाबाहेर जाण्याचं. मूळ व्हिसा संपलेला असल्यामुळे री-एंट्री परवाना न घेता विमानात बसलात तर वर्षभराची मुदतवाढ त्याच क्षणी बाद. आठ लाख खात्यात असोत, शिक्का डिसेंबरपर्यंतचा असो, सगळं पहिल्यापासून. फॉर्म टीएम ८, एकदा जाण्यासाठी १,००० बाथ, कितीही वेळा जाण्यासाठी ३,८००. घरून वाईट बातमी आली की माणूस पहिलं विमान पकडतो, त्या वेळी हे कुणाला आठवणार? म्हणून मी मुदतवाढीच्या दिवशीच, त्याच इमारतीत दुसऱ्या खिडकीवर, अनेक वेळांचा घेऊन टाकते. घाईत राहिलाच तर सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणीपाशीही मिळतो. नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, रोख रक्कम आणि एक फोटो जवळ ठेवा.